पडद्याची पूर्व बाजू

एकदा डोक्यावरून उतरवलेलं ओझं ठकू हिलम पुन्हा उचलत नसे. हा नियम तिने कोणाला विचारून केलेला नव्हता आणि कोणाला समजावूनही सांगितला नव्हता. ज्यांना तो माहीत नसे त्यांना लवकरच माहीत होई.

आमचं गाव डोळखांबच्या अलीकडे, ओढ्याच्या पल्याड. एस.टी. ओढ्यापर्यंत येऊन परत फिरे, कारण पुढचा पूल त्या काळी फक्त भाषणांत होता. त्यामुळे गावात जे काही नवं आलं, म्हणजे शिवणयंत्र, शाळेचा फळा, ग्रामपंचायतीचा रेडिओ, ते सगळं ओढ्यापासून ठकूच्या डोक्यावरून आलं. देशाची प्रगती आमच्याकडे अशी चुंबळीवर बसून आली आणि ठकू ती सांगितलेल्या जागी उतरवून उताराखालच्या कातकरीवाडीत आपल्या घरी गेली.

डोईओझ्याचा एक रिवाज असतो. चढवताना दुसऱ्याने हात द्यायचा, मालकाने जागा दाखवायची, आणि त्या जागी ओझं टेकलं की काम संपलं. मालकाचं मन नंतर बदललं तर ते नवं काम. वाडीतल्या बाकीच्या बायका हे नवं काम कुरकुरत करून टाकत. ठकू चुंबळ सोडून कमरेला खोचायची आणि चालू लागायची. भात भरडण्याच्या गिरणीचे मालक पांडूशेट यांनी एकदा गुरांसाठी लहानशी दगडी दोणी आणवली. फणसाखाली ठेव म्हणाले, ठकूने ठेवली. मग म्हणाले, नको, गोठ्याच्या दारात बरी. ठकू तोवर फाटकाबाहेर होती. दुसऱ्या दिवशी शेटनी जाहीर केलं की दोणी आपल्याला फणसाखालीच हवी होती. पुढे कित्येक वर्षं त्यांची गुरं गोठ्यातून फणसापर्यंत चालत जाऊन पाणी पीत.

भिवंडीकडच्या वीटभट्टीवरही तिने हेच केलं. मालक बघायला येणार म्हणून मुकादमाने रचलेल्या विटा एका बाजूच्या दुसऱ्या बाजूला करायला सांगितल्या. ठकू त्या विटांवर बसली आणि मालक येऊन जाईपर्यंत उठली नाही. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मुकादम माणसं न्यायला वाडीत आला तेव्हा तिच्या झोपडीवरून मान फिरवून गेला. तेव्हापासून वाडी भट्टीवर जाई, होळीला परत येई, आणि ठकू बारा महिने गावातच ओझी वाही. नवरा यमाजी तिच्याबरोबर राहिला. तो भित्रा माणूस होता. दोघांच्या वाट्याची भीती त्या घरात तो एकटाच सांभाळत असे.

तर अशा या गावात सिनेमा येण्याआधी सिनेमाचं मंडळ आलं. कमळाकर हा आमच्या सहकारी सोसायटीचा सेक्रेटरी. तो वर्षभर दादरला काकांकडे राहून आला होता आणि तिथे एका चित्रपट मंडळाचा सभासद होता. हिंदी सिनेमा हा सिनेमाच नव्हे, असं त्याला तिथे कळलं होतं. परत आल्यावर त्याने ‘चित्रपट रसिक मंडळ’ काढलं. परदेशी वकिलातींकडून चांगले चित्रपट मुंबईत फुकट मिळतात, हे त्याला ठाऊक होतं. यंत्र आणि ऑपरेटर कल्याणहून यायचे. वीज नव्हती, पण पांडूशेटांच्या गिरणीला तेलाचं इंजिन होतं आणि त्याला डायनामो जोडता येत होता. एवढ्या पात्रतेवर पांडूशेट मंडळाचे अध्यक्ष झाले. पडद्यासाठी कमळाकर मांजरपाट घ्यायला गेला तेव्हा दुकानदाराने हळू आवाजात कोण गेलं म्हणून विचारलं. रसिकता आली आहे, असं कमळाकर म्हणाल्याचं सांगतात. मला ते खरं वाटत नाही.

पडदा गावच्या मोठ्या खळ्यात, दोन वाशांना ताणून बांधायचे. पश्चिमेला यंत्र, त्याच्या पुढे खुर्च्या आणि बायकांसाठी जाजम. पूर्वेला, म्हणजे पडद्यामागे, वाडी. वाडीचं हे शेटनी पहिल्याच सभेत ठरवून दिलं होतं. वाडीच्या माणसांची जागा पूर्वेला, त्यांनी तिथे खुशाल बसावं, कोणी उठवणार नाही. शिवाशिवीचा कायदा होऊन बरीच वर्षं लोटली होती, आणि मंडळाचं म्हणणं असं की ही शिवाशीव नव्हे, ही सोय. मांजरपाट पातळ होतं, चित्र मागूनही स्वच्छ दिसे. इंग्रजी अक्षरं पडद्याखाली येत ती कमळाकर वाचायचा आणि पत्र्याच्या भोंग्यातून मराठीत सांगायचा. भोंगा अर्थातच पश्चिमेकडे तोंड करून असायचा.

दोनतीन खेळ असे झाले. वर्षात दसऱ्याला एक, होळीला एक. वाडी मागे बसून बघत होती आणि आपापले निष्कर्ष काढत होती. त्यातला मुख्य निष्कर्ष असा, की साहेब लोक डाव्या हाताने जेवतात. शिपाई डाव्या हाताने सलाम करतात. न्यूजरीलमध्ये मंत्र्याने धरणाची फीत कापली तीही डाव्या हाताने, आणि सरकारची कामं अशी का होतात याचा वाडीला उलगडा झाला. हे ज्ञान वाडीत इतकं पक्कं झालं की जेवताना कोणी चुकून डावा हात पुढे केला तर त्याला साहेब म्हणू लागले.

पासष्टच्या पावसाने दगा दिल्यावर ठकू शेटच्या अंगणात तांदूळ पाखडत होती. तांदूळ थोडा होता आणि त्यात खडेच जास्त होते. शेटची आई धोंडूबाई ओटीवर बसून होती. सोमवारी रात्री जेवू नये असं सरकारने सांगितल्याचं रेडिओवरून ऐकून धोंडूबाई चिडली होती. वाडी हे आवाहन सरकारच्या आधीपासून पाळत होती, आणि फक्त सोमवारी नव्हे, पण तो विषय निघाला नाही. रेशनवर साहेबांच्या देशातला गहू येऊ लागला होता, त्यावरून बोलणं निघालं आणि ठकूने सहज म्हटलं, की डाव्या हाताने खाणाऱ्यांच्या गव्हावर आता आपण जगायचं. धोंडूबाई हसायला लागली. डाव्या हाताने कुठे, म्हणाली, मी पुढे पाटावर बसून बघितलंय, चांगले उजव्या हाताने खातात. ठकू म्हणाली, आम्ही वाडीच्या वाडीने बघितलंय. दोघींनी एकमेकींना खोटं ठरवलं आणि त्या दिवशी तांदूळ अर्धवट राहिला.

घरी आल्यावर ठकूने विटलेलं पातळ लुगडं दोरीवर टाकलं. ऊन पलीकडून पडत होतं. यमाजीला तिने उन्हाच्या बाजूला लुगड्यालगत उभा केला, तोंड लुगड्याकडे करून, आणि उजव्या हाताने जेवल्यासारखं कर म्हणाली. आपल्या हातून काय चुकलं असेल याचा विचार करत यमाजी जेवू लागला. ठकूने सावली पुढून पाहिली, मग अलीकडे येऊन मागून पाहिली. पुन्हा पुढे गेली. यमाजीने बराच वेळ हवा खाल्ली. शेवटी ती एवढंच म्हणाली, “आपल्याला उलटं दाखवलान.”

तिला राग आला तो मागे बसवल्याचा नव्हता. मागे बसण्याची सवय होती. राग होता तो खोटं पाहिल्याचा. जे आपण शपथेवर सांगितलं असतं ते चुकीचं निघालं, आणि ते चुकीचं आहे हे पुढे बसलेल्या सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, हे तिला सहन होईना. ती कमळाकरकडे गेली. कमळाकरला प्रश्न फार आवडला. त्याने प्रकाश, पडदा आणि डावं-उजवं हे सगळं आनंदाने समजावून दिलं. ठकू ऐकून घेत होती. मग तिने विचारलं, आता होळीच्या खेळाला वाडी पुढे बसेल ना? या प्रश्नाचं शास्त्र कमळाकरपाशी नव्हतं. त्याने तो सभेपुढे ठेवला.

सभेत पांडूशेट म्हणाले, “दिसतं ना त्यांना? मग झालं. चित्र तेच आहे.”

ठकू खळ्याच्या कडेला उभी होती. ती म्हणाली, “तेच हाय तर तुमी बसा मागं.”

शेट हसले. सभासद हसले. सभा संपली.

होळीचा खेळ हा मंडळाचा मोठा खेळ व्हायचा होता. कमळाकरने या वेळी युद्धाचा चित्रपट मिळवला होता, पूर्व युरोपातला. शत्रूने शहराला वेढा घातला आहे, बर्फ पडतं आहे, आणि मूठभर माणसं एका कारखान्याच्या तळघरात लपून हिवाळा काढत आहेत. वर शत्रूचे शिपाई, खाली ही माणसं आणि संपत आलेला पाव. कमळाकरने आठवडाभर गावात सांगितलं, की माणूस कशावर जगतो ते यात कळेल. दुष्काळाचं वर्ष होतं, त्यामुळे लोकांना उत्सुकता होती. आजूबाजूच्या गावांतूनही मंडळी येणार होती.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर ठकू ओढ्यावर गेली. ऑपरेटरने आणि यमाजीने हात देऊन यंत्राची पेटी तिच्या डोक्यावर चढवली. रिळांचे डबे यमाजीने घेतले. ऑपरेटर रिकाम्या हाताने मागून चालत होता आणि हळू, हळू म्हणत होता. ती हळूच आली. अंधार पडायला आला होता आणि खळ्यात पडदा ताणून झाला होता. पश्चिमेला टेबल मांडलं होतं, खुर्च्या लागल्या होत्या, धोंडूबाई आपला पाट घेऊन जाजमाच्या पुढे येऊन बसलीसुद्धा होती. ठकू टेबलाजवळून गेली. टेबलाजवळ थांबली नाही. खुर्च्यांच्या कडेने गेली, पडद्याच्या वाशाला वळसा घातला आणि पूर्वेला आली. तिथे वाडी आधीच येऊन दाटीने बसली होती, आणि सगळ्यांच्या मागे एक लाकडी उखळ उलटं घालून ठेवलं होतं. शेजारच्या सोनीने हात दिला. यंत्र उखळावर टेकलं. ठकूने चुंबळ सोडली, कमरेला खोचली आणि खाली बसली.

कमळाकर धावत आला. टेबल तिकडे आहे, म्हणाला.

“उतरवलं,” ठकू म्हणाली.

कमळाकरला नियम माहीत होता. त्याचा चेहरा पडला आणि मग, तिथे असलेले लोक सांगतात, किंचित उजळलाही. पण तो सेक्रेटरी होता, म्हणून अध्यक्षांना बोलावून आणलं. पांडूशेट आले ते नेहमीच्या चालीपेक्षा जरा हळू आले, कारण सगळं खळं बघत होतं.

“तुमची जागा तुमाला माहीत नाय काय?”

“आमी आमच्याच जागेवर बसलोय, शेट. तुमीच दिलीत. कोणी उठवणार नाय म्हणालात.”

हे खरं होतं. शेटनी वाडीवर नजर फिरवली. एकही माणूस पूर्वेच्या बाहेर बसलेला नव्हता.

“आणि यंत्र?”

“यंत्राला जागा दिली नव्हती तुमी.”

शेटनी यमाजीकडे पाहिलं. यमाजी रिळांच्या डब्यांवर बसला होता. त्याला उठून यंत्र उचलायला सांगितलं. यमाजीने जमिनीकडे पाहिलं, ठकूकडे पाहिलं, आणि आपल्या पायात गोळा आला आहे असं तो म्हणाला. त्याच्या सगळ्या आयुष्यातलं हे एवढंच बंड. पुढे कित्येक वर्षं पायात गोळा आला की तो ते बंड आठवून हसायचा. ऑपरेटर म्हणाला, मी ऑपरेटर आहे, हमाल नव्हे, आणि वायर ओढून जोडायला लागला. त्याच्या दृष्टीने पडदा इकडूनही पांढराच होता. कमळाकरने वाकून पेटीच्या कडीला हात घातला. शेट दबक्या आवाजात म्हणाले, सोसायटीचा सेक्रेटरी गावासमोर ओझी वाहणार काय? कमळाकरने हात काढला. स्वतः शेटनी उचलण्याचा प्रश्न नव्हता. पश्चिमेला एवढे सभासद बसले होते, पण त्यांतल्या एकानेही जन्मात डोक्यावर काही घेतलेलं नव्हतं, आणि पहिलं ओझं म्हणून गावासमोर सिनेमाचं यंत्र घ्यावं असं कोणाला वाटेना.

सगळ्यांनी उठून पूर्वेला यावं, असंही कोणी सुचवलं. पण पूर्वेला पुढची जागा वाडीने भरली होती. तिथे यायचं तर वाडीच्या मागे बसायचं. ही सूचना पुन्हा कोणी केली नाही.

मग शेटनी आपल्या हातातलं शेवटचं काढलं. “इंजिन माझं हाय. आत्ता बंद करायला सांगतो.”

वाडीने ठकूकडे पाहिलं. होळीला भट्टीवरून चालत आलेली माणसं होती ती, या खेळासाठी दिवसा झोप काढून बसली होती. सोनीने ठकूचा दंड धरला. ठकूलाही तो खेळ बघायचा होता. कोणाहीपेक्षा जास्त बघायचा होता. ती शेटकडे वर पाहत म्हणाली, “करा बंद. मग दोनी बाजूंनी सारखंच दिसंल.”

इंजिनाचा आवाज चालू होता. शेटनी मान वळवून पाहिलं. पलीकडून परगावचे पाहुणे खुर्च्यांवर माना उंचावून बघत होते, आणि खेळ कोणामुळे रद्द झाला हे त्यांना सांगावं लागलं असतं. शेटनी उपरणं सारखं केलं.

“सुरू करा,” ते ऑपरेटरला म्हणाले. “सभासद आपल्याच जागेवरून बघतील. चित्र तेच आहे.”

आणि ते जाऊन आपल्या खुर्चीवर बसले.

अशा रीतीने त्या वर्षीचा जागतिक चित्रपट आमच्या गावच्या प्रतिष्ठित मंडळींनी उलटा पाहिला. सर्वांत हाल कमळाकरचे झाले. पश्चिमेकडून इंग्रजी अक्षरं आरशातल्यासारखी दिसत होती, ती वाचता येईनात. पूर्वेला गेला तर वाचता येत, पण सभासदांना ऐकू जाईना. शेवटी तो पडद्याच्या वाशाला मिठी मारून उभा राहिला. मान पूर्वेला, भोंगा पश्चिमेला. मधूनमधून भोंगा आपोआप पूर्वेकडे वळू लागला, आणि चित्रपट संपायच्या सुमाराला तो तिकडेच होता.

वाडीला भोंग्याची फारशी गरज नव्हती. पहिल्यांदा जेव्हा तळघरातल्या म्हातारीने पावाचा तुकडा तोंडात घातला तेव्हा ठकू नुसतं म्हणाली, “उजवा.” मागून कोणीतरी म्हणालं, “उजवा.” मग कोणीही हात वर केला की वाडी खात्री करून घेऊ लागली. शिपायाने सलाम केला, उजवा. पत्र लिहिलं, उजवा. तळघरातलं एक माणूस थंडीने मेलं आणि दुसऱ्याने त्याचे डोळे मिटले, तेव्हाही अंधारातून समाधानाचा आवाज आला, उजवा. वकिलातीने हा चित्रपट जगभर दाखवला असेल, पण तो असा कुठे पाहिला गेला नसेल.

मध्येच पडद्यावर वरून शत्रूचा अधिकारी ओरडतो, बाहेर या, नाहीतर दार उडवून देतो. खाली ती म्हातारी उठत नाही. शांतपणे कातड्याचा पट्टा कापून शिजवत राहते. वाडी एकदम मोठ्याने हसली, आणि पश्चिमेकडून दोन-चार जणांनी शुक् शुक् केलं. कमळाकरने सांगितलं, की ही माणसं असा सबंध हिवाळा काढतात. ठकूने सोनीला विचारलं, “येकच हिवाळा?” सोनीने खांदे उडवले. एका हिवाळ्यावर एवढा सिनेमा काढला म्हणजे त्या देशात हिवाळे जपून ठेवत असावेत, असं वाडीचं मत पडलं. तरीही म्हातारी जेव्हा पावाचा शेवटचा तुकडा दोऱ्याने कापून सगळ्यांना वाटते तेव्हा उजवा म्हणायचं वाडी विसरली.

तो तुकडा पश्चिमेकडेही दिसत होता. धोंडूबाई पाटावर ताठ बसली होती. कधीपासून ती पडद्याकडे बघत होती आणि आपल्याच उजव्या हाताकडे बघत होती. अचानक ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अगो, हे तर डाव्यानं खातायत.”

शेट म्हणाले, “आई, बस गप.”

धोंडूबाई उठली. तिने पाट काखेत मारला, मुलाच्या खुर्चीपुढून पडदा झाकत, साऱ्या सभासदांना आपली सावली दाखवत ती चालत गेली आणि वाशाला वळसा घालून पूर्वेला आली. अंधारात ठकू शोधायला तिला वेळ लागला नाही. वाडीत मान ताठ ठेवून बसणारी तेवढीच होती.

“सरक गो,” धोंडूबाई म्हणाली.

ठकूने आधी तिच्याकडे पाहिलं, मग पाटाकडे पाहिलं. “पाट नको,” ती म्हणाली. “मागल्यांना दिसत नाय.”

धोंडूबाईने पाट उभा करून बाजूला ठेवला आणि जमिनीवर बसली. ठकू सरकली, पण फार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूने यंत्र उखळावरून उचलून ओढ्यापर्यंत नेलं. ते नवं काम होतं.

मंडळाची सभा त्याच आठवड्यात भरली. पुढे यंत्र बैलगाडीने आणावं असं शेटनी सुचवलं, पण ओढ्यात गाडी उतरत नव्हती. मग ठरलं की यापुढे पडदा शाळेच्या भिंतीला लावायचा. भिंतीला मागची बाजू नसते. सगळ्यांना पुढेच बसावं लागणार होतं, म्हणून मधोमध एक दोर बांधायचा, दोराच्या अलीकडे सभासद आणि पलीकडे वाडी. हा मोठा तोडगा निघाला असं सगळ्यांना वाटलं. कमळाकरने दोराच्या विरुद्ध मत दिलं, आणि ते एकटंच पडलं.

दसऱ्याच्या खेळाला ठकूने यंत्र शाळेपुढे टेबलावर आणून ठेवलं. या वेळी सांगितलं तिथेच ठेवलं. मग ती पुढे गेली आणि दोराला अगदी लागून बसली. पलीकडून धोंडूबाई आली आणि तीही दोराला लागून बसली. पाट आणला नव्हता. ओढ्यातून येताना ठकूची चुंबळ भिजली होती. तिने ती सोडून झटकली, पिळली आणि वाळायला दोरावर टाकली. चुंबळ जड होती. दोर जमिनीपर्यंत वाकला. खेळ संपेपर्यंत तो कोणी वर ओढला नाही.